वहाळावर पडलेला काप

बुध., २२ एप्रिल

भाताच्या रोपांसाठी दादाचा राब आज भाजून झाला. सकाळी वारा पडलेला, तेवढ्यात उरकलं. टहाळ, शेण, पातेरा, वर मातीची पखरण. सगळा धूर माझ्या खोलीत. आत पाच पेट्या, त्यांना धूर चालत नाही. दार-खिडकी लावून बसले नि मीच भाजून निघाले.

पेट्या मुरबाडच्या. तिथला कॉम्प्युटर क्लास बंद झाला तेव्हा उचलून आणलेली जुनी यंत्रं. प्राजक्तानं तारांनी एकमेकींना जोडून दिली. एकटीला झेपत नाही ते पाचजणी मिळून ओढतात. प्राजक्ता म्हणजे धाकट्या बहिणीची लेक. शहापूरला असते, घरी बसून कंपनीसाठी पंख्यांवरून जाणाऱ्या हवेचं गणित करते. माझं पाण्याचं. नातं तिथंही आहेच.

वहाळाचं, गावच्या ओढ्याचं, गणित मागच्या महिन्यात पुरं झालं होतं. नवा पूल झाल्यापासून पूर आला तर पाणी तुंबून कुठवर चढेल, एवढाच प्रश्न. उत्तर आलं की वळणावरची जागा कोरडी राहते. सभेत उभी राहून तसं सांगितलं. तिथं अंगणवाडी बांधायची आहे. जमीन दादानं दिली, गेलेल्या वहिनीच्या नावानं. वहिनी जन्मभर अंगणवाडीत मदतनीस, निम्मं गाव तिच्या हातची खिचडी खाऊन वाढलं. सभेवरून आल्यावर दादा दोन भाकऱ्या जास्त जेवला होता.

दुपारी प्रा. चा, प्राजक्ताचा, फोन. इकडचं तिकडचं बोलून सहज विचारलं, "मावशी, वरून किती पाणी आत आलं नि खालून किती बाहेर गेलं, ते जुळवलंस ना?"

म्हटलं, बघते.

नव्हतं जुळवलं.

शुक्र., २४ एप्रिल

जुळत नाही.

वरून येतं तेवढं पुलाखालून जात नाही. बरं, मध्ये साठलंय म्हणावं तर तसंही नाही. मांजरानं दूध प्यावं तसं मधल्यामधे गडप. आधी वाटलं बेरीज चुकली. कागदावर पुन्हा केली. बेरीज बरोबर आहे.

आमटीत मीठ दोनदा पडलं. दादा नुसता ताक मागत राहिला.

रवि., २६ एप्रिल

सापडलं. डोकं गरगरतंय, म्हणून पहिल्यापासून मांडते.

वहाळाचं सगळं पात्र बारीक चौकटींत कापायचं. प्रत्येक चौकटीतला पाण्याचा दाब शेजारच्या चौकटींवर अवलंबून. लाखो चौकटी, लाखो अज्ञात, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडलेले. थेट सुटत नाहीत. अंदाज धरायचा, चूक किती उरली ती बघायची (तिला मी बाकी म्हणते), सुधारायचं, परत फेरी. बाकी निवली की पाणी एक पाऊल पुढे. नुसत्या फेऱ्या मारत बसलं तर जन्म पुरायचा नाही. म्हणून प्रत्येक फेरीच्या आधी एक सोपं, ढोबळ गणित सोडवून जमीन तयार करून घ्यायची. पुस्तकात त्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. मी पहिल्या दिवसापासून राब म्हणते. राब न भाजता पेरलं तरी रोप येतं, पण तणात हरवतं.

पाच पेट्यांनी आपापल्या तुकड्याचा राब एकाच वेळी भाजायचा. कुणी कुणासाठी खोळंबायचं नाही. सोय चांगली. पण तुकडे पाडले कुणी? मी. आणि कसे पाडले? सर्व्हे नंबरप्रमाणे!

जन्म गेला कचेरीत गावनकाशे ट्रेस करण्यात. साहेबांचे पाण्याच्या गणिताचे प्रोग्राम टाइप करता करता कळायला लागले, तेही तिथंच. हात त्याच रेषांवरून जातो. आणि आमच्या गावात वहाळ हीच हद्द. अल्याड आम्ही, पल्याड दुसरे. म्हणजे काप पडला तो वहाळाच्या मधोमध, उभा, वरपासून थेट पुलापर्यंत. जिथं पाणी सगळ्यात जोरात नि चौकटी सगळ्यात बारीक, जिथं शेजाऱ्यावाचून शेजाऱ्याचं पान हलत नाही, तिथंच मी दोघांत भिंत घातली. डावा काठ एका पेटीत, उजवा दुसरीत. फेरीअखेर निरोप जातात, पण राब भाजताना एकीला दुसरीची दादच नाही. बाकी निवणार कशी?

पेट्या अडकून पडू नयेत म्हणून मीच लिहून ठेवलं होतं की ठरावीक फेऱ्या झाल्या की पुढं जा. बाकी थोडी उतरून बसायची. बसली म्हणजे निवली असं मी धरलं. दर पावलाला थोडं पाणी त्या कापात जिरत गेलं. वळणावर चढायचं ते पाणी कागदावर चढलंच नाही.

जागा कोरडी असेलही. ओली असेलही. मला माहीत नाही, एवढंच आता खरं.

सोम., २७ एप्रिल

दादाला सांगायचं ठरवून उठले. तो अंगणात, हातात हातोडा, बगलेत चार खुंट्या. म्हणाला, "सुमे, चल गो, जोत्याच्या खुंट्या मारू. तुझ्या हातची एक."

गेले. मारली. जागेवरच्या वहिनीच्या फणसाखाली उभी राहिले, नि सांगायचं ते तसंच घेऊन परत आले.

गुरु., ३० एप्रिल

प्रा. आली. स्कूटरवरून, किन्हवली-सरळगाव करत, चेहरा लाल. काप बघितला नि हसली. "सर्व्हे नंबर, मावशी?" मग माझं तोंड बघून हसायची थांबली.

ती टोचून एक शब्द बोलली नाही. त्याचंच जास्त लागलं.

दिवसभर नवे तुकडे पाडले. आता आडवे. वहाळाला कापायचंच तर काकडीसारखं कापावं, शेंगेसारखं उभं चिरू नये. शिवण आखूड होते. नि शिवेवर नुसता काप न ठेवता दोन्ही तुकडे एकमेकांत थोडे शिरू द्यायचे, म्हणजे तेवढी पट्टी दोघींच्याही राबात येते. ती समजावून सांगत होती, मला मधेच हसू आलं. राब भाजताना बांधालगतची हातभर जागा लोक सोडतात, आग शेजाऱ्याकडे जाऊ नये म्हणून. तण नेमकं तिथनं शिरतं. ज्यांचं आपसात बोलणं आहे ते एकाच दिवशी भाजतात नि हातभर एकमेकांत जातात. प्रा. ला म्हटलं, हे तर वहिनीनं मला दाखवलं होतं.

"मग वहाळ कापताना कुठं गेली होती तुझी वहिनी?" म्हणाली. एवढी टोचणी मात्र मारलीच. बरं वाटलं.

जाताना विचारलं, मामाला सांगितलंस का. नाही म्हटलं.

"कधी?"

उत्तर आलं की.

शनि., २ मे

बाकी उतरतेय. आधी भराभर, मग मुंगीच्या पावलानं. दुपारी लाईट गेली. आली. गेली.

सोम., ४ मे

कंत्राटदार येऊन गेला. शनिवारी खड्डे, पुढल्या गुरुवारी काँक्रीट. पावसाच्या आत जोतं वर काढायचं म्हणतो. आदल्या मंगळवारी ग्रामसभा, पण ती नावाला, नारळ-पेढ्यांची.

संध्याकाळी मंदा आली. अंगणवाडीची सेविका, वहिनीच्या सोबतीनं कामाला तयार झालेली. पोरं सध्या देवळाच्या ओट्यावर बसतात. सरीवर सर आली की तिघी-चौघींना पदराखाली घेऊन ही कोपऱ्यात उभी. इमारतीसाठी हिनं किती खेटे घातले ते मी पाहिलंय. जागा बदलायची झाली तर मंजुरी परत नव्यानं. म्हणजे आणखी किती पावसाळे ओट्यावर, कुणी सांगावं.

चहा पिता पिता माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "मावशी, काय अडलंय का?"

म्हटलं, नाय गो. पेट्या जुन्या झाल्यात.

"तुमी जुन्या झाला काय, तुमी अशा नव्हता बसत."

मंगळ., ५ मे

लाईट गेली नि शनिवारी परत लावलेलं दोन दिवसांचं सगळं गेलं. मधेमधे साठवून ठेवायचं मी विसरले होते. विसरले म्हणजे काय, घाई. घाईत उतरवलेला भात.

पहिल्यापासून.

गुरु., ७ मे

बाकी परत त्याच मुंगीच्या पावलावर. प्रा. शी फोनवर बराच वेळ.

तिचं म्हणणं, तुकडे आता शेजाऱ्याशी बोलतात, पण लांबचं कुणाला कळत नाही. पुलाशी पाणी तुंबलं ही बातमी वरच्या वळणापर्यंत जायला तोंडातोंडी, एका पेटीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. तोवर फेऱ्यांवर फेऱ्या. त्यावर उपाय म्हणजे आणखी एक अगदी जाड जाळी. मूठभर मोठ्या चौकटी, पण सगळं पात्र एकदम दिसेल अशा. बारीक काही दिसत नाही तिच्यातून, पण कुठं फुगलंय नि कुठं ओसरलंय ते सगळ्यांना एका हाकेत कळतं.

म्हटलं, मचाण. रानडुकरांसाठी दादा बांधतो ते. वरून भाताची लोंबी दिसत नाही, पण कुठल्या खाचरात डुक्कर शिरलंय ते दिसतं. हाक घालायची, ज्यानं त्यानं धावायचं.

प्रा. म्हणाली, "हो, मचाण. लिहायला घे."

लिहायला घेतलं. हल्ली कंस सुटतात. तीनदा प्रा. नं पकडले. ती आपल्या नोकरीच्या वेळेत माझं करतेय, ते एक ओझं वेगळंच.

शनि., ९ मे

मचाण उभं राहिलं. बाकी अशी उतरली, जशी जत्रा उठल्यावर माणसं घाट उतरतात. एक पेटी वरच्या हाकेची वाट बघत बसते, थोडा वेळ जातो, जाऊ दे. आत येतं तेवढं बाहेर जातं. थेंबाला थेंब म्हणणार नाही, पण मांजर गेलं.

पूल मोकळा धरून पूर सोडला. वळणावरची जागा कोरडी.

कोरडी!

खोलीत बसून रडले. खड्डे खणायचा आवाज इथवर येत होता, आज पहिल्यांदा तो गोड लागला. दादाला आता काही सांगायचं उरलंच नाही, असं मनात येऊन गेलं. प्रा. ला फोन केला.

मग म्हणाली, "पूल मोकळा धरलास ना. पुरात मोकळा राहतो का तो? मला माहीत नाही, मी विचारतेय."

दादाला जेवताना, उगीच विषय काढल्यासारखं विचारलं, मागं मोठा पूर आला तेव्हा पुलाच्या जागी आधी होता त्या जुन्या फरशी-पुलावर काय काय येऊन बसलं होतं. घास तसाच धरून म्हणाला, उंबर. अख्खा, मुळांसकट. त्याच्यावर कुणाच्या तरी गोठ्याचे वासे, त्याच्यावर पेंढा. वहिनीनं त्यातनं एक कोंबडं जितं काढलं होतं, ते सांगून हसला.

मी उठून पेट्यांकडे गेले. पुलाच्या चार गाळ्यांतले दोन गणितात बुजवले नि पुन्हा लावलं.

रवि., १० मे

दुपारी उत्तर आलं. बाकी निवलेली. आत-बाहेर जुळतंय. दोनदा तपासलं, प्रा. नं तिकडून तिसऱ्यांदा.

पुलापाशी पाणी फुगतं, मागं येतं, वळणावर काठ सोडतं. फणसाला वळसा घालतं. जोत्याच्या वर गुडघाभर.

मंदा नि दादा दोघंही अंगणात होते, खिडक्या कुठल्या दिशेला घ्याव्यात यावर वाद घालत. आता नाही तर मग नाहीच, म्हणून बाहेर गेले नि सांगितलं. सगळं. सर्व्हे नंबरचा काप, हरवलेलं पाणी, मोकळा पूल, तुंबलेला पूल. खुंटी मारताना मला ठाऊक होतं, तेही सांगितलं.

दादा बराच वेळ हातातली सुपारी कातरत राहिला. खायला नव्हे, नुसती कातरत.

"दोनदा गणित केलंस, दोनदा वेगळं आलं. तिसऱ्यांदा काय येल?"

म्हटलं, दादा, पहिलं संपलंच नव्हतं. संपलं असं मी म्हटलं.

"नि पूल तुंबल हे पेटीनं सांगितलं?"

म्हटलं, ते पेटी सांगत नाही. तुंबला तर काय, ते सांगते. तुंबतो का, ते तूच काल सांगितलंस. उंबर.

सुपारी बाजूला ठेवली त्यानं. मग म्हणाला पूल साफ ठेवू. पोरं लावू, मी स्वतः उभा राहीन. त्या वयात, त्या पुरात. गुडघाभर पाण्यात भात लावतो आमी, म्हणाला, गुडघाभर पाण्यानं कोन मेलंय.

मंदा तोवर ऐकत होती. तिनं मला विचारलं, दादाला नाही.

"मावशी, गुडघाभर म्हंजे कुणाच्या?"

मी माझ्या गुडघ्याला हात लावून दाखवला. ती उठली. पिशवीतनं पोरांची उंची मोजायची टेप काढली नि जमिनीपासून माझ्या गुडघ्यापर्यंत धरली. आकडा वाचून दाखवला नाही. टेप गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "आमच्या सगळ्यात बारकीच्या छातीला येतंय."

दादा उठून आत गेला. सुपारी तशीच ओट्यावर.

जाताना मंदा दारात थांबली. जागा बदलली तर उरतो त्या शाळेमागच्या माळाबद्दल बोलली. तिथं हापसा नाय, सावली नाय, चढ आहे, पोरं दमतील. आणि मंजुरी परत गेली तर देवळाचा ओटाच. "मी कुठल्या बाजूनं बोलू सांगा, मावशी," म्हणाली. तिची पिशवी उचलून हातात दिली. तिचे इतके खेटे.

सोम., ११ मे

दादा सकाळपासून वळणाकडे ये-जा करतोय. भाकरी ठेवली, खाल्ली. उद्या सभा.

प्रा. म्हणते तीही येते. म्हटलं नको, तुझं काम सोडून. "येतेच. तू सर्व्हे नंबर सांगशील तेव्हा हसायला कुणी तरी हवं ना." पोर गोड आहे. आकडे तिनं नीट एका कागदावर उतरवून पाठवलेत, मोकळा पूल एका बाजूला, तुंबलेला एका बाजूला. एक गाळा बुजला तर काय, तेही लावलंय. चौथी पेटी गरम होतेय, पुठ्ठ्यानं वारा घालतेय. उत्तर सभेच्या आत येईल असं वाटतं. आलं तरी उंबर कधी येणार ते त्यात नसणारच.

ऊन कलल्यावर वळणाकडे गेले. दादा तिथंच. खड्ड्याच्या काठावर उकिडवा, फणसाला पाठ. मला बघून सरकला, जागा करून दिली. बसले. समोर वहाळ, आता त्यात पोराला पाय धुण्यापुरतंही पाणी नाही.

वहाळाकडे बघत म्हणाला, "तिला इथंच बसायला आवडायचं. राब भाजून झाला की इथं येऊन पाय सोडून बसायची."

म्हटलं, माहीत आहे.

"पाणी कुठवर ते दाखव."

उठले. फणसाच्या बुंध्याला हात लावून दाखवलं. त्यानं खड्ड्याकडची चुन्याची पाटी ओढली, बोट बुडवून तिथं रेघ मारली. मागं सरून बघितली. मग खाली वाकला नि एक खुंटी हलवून हलवून उपटली. माझ्या हातची होती ती. बाकीच्या तिघींना हात लावला नाही.

"सभेत तू बोल. सगळं बोल, तुझ्या चुकीसकट. मी तुझ्या शेजारी बसंन."

आणि तू?

"मी काय बोलंन ते आत्ता नको विचारू."

खुंटी खांद्यावर टाकून पुढं चालायला लागला. घरी आल्यावर बघितलं, ती चुलीपाशी जळणात नाही ठेवलेली, फेकलेलीही नाही. दाराशी भिंतीला टेकवून उभी आहे.

पेट्या चालू आहेत. बाकी उतरतेय.